टँकर बोलावून आठ दिवस झाले नाहीत तर सेप्टिक टँक परत भरली, फसवलं का मला?

हद्दवाढवाला
१४ ऑक्टोबर, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. विषय जरा वासाचा आहे, जेवत असाल तर नंतर वाचा.

आमचं घर सोलापुरात, विजापूर रोडच्या आतल्या बाजूला, हद्दवाढ भागात. गल्लीत ड्रेनेज लाईन नाही, पुढच्या वर्षी येणार पुढच्या वर्षी येणार हे मी कॉलेजला होतो तेव्हापासून ऐकतोय आणि आता माझी पोरगी तिसरीत आहे. २००९ ला आप्पांनी घर बांधलं तेव्हा गवंड्यानं पार्किंगखाली विटांची टाकी केली, वर शहाबादी फरश्या टाकल्या आणि मागं कंपाउंडला लागून शोषखड्डा केला. तेव्हापासून एकदाही उपसली नाही, उपसायची असते हेच माहीत नव्हतं खरं सांगायचं तर. झाकण नेमकं कुठल्या फरशीखाली ते पण फक्त आप्पांना माहीत.

गणपतीत सुरू झालं. खालच्या संडासात फ्लश केला की पाणी भांड्याच्या काठापर्यंत चढायचं आणि मग आरामात उतरायचं, बाथरूमच्या जाळीतून गुडगुड आवाज, आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये असा वास की शेजारचे काका कट्ट्यावर बसायचे बंद झाले. मी आधी दोन बाटल्या ॲसिड ओतलं (माहितीय, शिव्या घालू नका), काही फरक नाही. मग मागच्या रविवारच्या आधीच्या रविवारी, म्हणजे ६ तारखेला, सक्शनचा टँकर बोलावला. अठराशे घेतले, अर्ध्या तासात उरकून गेला. दोन-तीन दिवस एकदम मस्त. काल सहज फरशी सरकवून बघितलं तर टाकी परत तुडुंब. जी टाकी पंधरा वर्षात भरली ती आठ दिवसात कशी काय भरते?

टँकरवाल्याला फोन केला तर म्हणतो तुमचे बॅक्टेरिया मेलेत, ॲसिड टाकलं ना, आता आमच्याकडची पावडर टाका, ९०० रुपये किलो. गवंड्याला दाखवलं तर तो म्हणतो टाकीच बारकी पडली, फोडून नवी मोठी करू, ऐंशी हजार धरा. शेजारचे काका म्हणतात खालून उमाळा लागलाय, पावसाचं पाणी शिरतंय. तिघांची तीन तोंडं. घरात आम्ही सहा जण, आप्पांच्या बांधकामाच्या वहीत टाकीचं माप आहे, आतून ७ बाय ४ आणि पाण्याची खोली साडेचार फूट.

आणि बायकोचं एक वेगळंच. ती म्हणते ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्याच दिवशी हे जास्त होतं. आता नळाच्या पाण्याचा आणि संडासच्या टाकीचा काय संबंध? बघा कुणाला अनुभव असेल तर, दिवाळीला बहीण आणि तिची पोरं येणार आहेत, त्याच्या आत काहीतरी करायला पाहिजे.

फावडं_घमेलं
१४ ऑक्टोबर, रात्री ११.१५

टँकरवाले वरचं पाणी ओढून पैसे घेतात भाऊ, खालचा गाळ जशाला तसा. पावडर बिवडर सोडा. माझ्या ओळखीचे दोघं आहेत, आत उतरून तळापासून घमेल्यानं काढून देतात, आमच्या चुलत्याकडं केलं की असंच. सकाळी सहाला येतात, दहापर्यंत मोकळं. हवा असेल तर नंबर देतो.

रात्रपाळी
१५ ऑक्टोबर, पहाटे ४.०५

नंबर देऊ नका आणि कुणी घेऊ पण नका.

मी नर्स आहे, कॅज्युअल्टीला ड्युटी असते. एकदा रात्री तिघांना एकत्र आणलेलं. पहिला टाकीत उतरला आणि खाली बसला तो उठलाच नाही, दुसरा त्याला काढायला गेला, तिसरा दुसऱ्याला काढायला. तिसरा वाचला कारण तो अर्ध्या शिडीवरच होता. पहिल्या दोघांच्या अंगावर साधं खरचटलेलं पण नव्हतं, कपडे तेवढे ओले. त्यातल्या एकाची बायको मला विचारत होती की पडले कसे ते, पाय घसरला का. काय सांगणार?

आत हायड्रोजन सल्फाईड असतो, मिथेन असतो, आणि ऑक्सिजन नसतो. सडक्या अंड्याचा वास येतो तोवर माणूस सावध असतो पण गॅस वाढला की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं, माणसाला वाटतं गेला वास, आता उतरायला हरकत नाही. काडी पेटवून बघायची जुनी पद्धत तर आणखी वाईट, मिथेन पेटतो. तोंडाला रुमाल बांधून, दारू पाजून, झाकण दोन तास उघडं ठेवून यातलं काही चालत नाही, गाळ ढवळला की आत अडकलेला गॅस एकदम सुटतो.

आणि माणसाला असं आत उतरवणं हा गुन्हा आहे, २०१३ च्या कायद्यानं. फक्त ठेकेदाराला नाही तर काम सांगणाऱ्या घरमालकाला पण लागतो, पहिल्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माणूस गेला तर ३० लाख भरपाई, सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२३ मध्ये १० चे ३० केले. मशीननंच करायचं. १४४२० म्हणून हेल्पलाईन आहे या कामासाठी, तिथं विचारा नाहीतर महापालिकेत विचारा.

फावडं दादा, तुमच्या चुलत्याकडचे ते दोघं सुखरूप वर आले हे त्यांचं नशीब.

फावडं_घमेलं
१५ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

एवढं माहीत नव्हतं ताई. नंबर कुणाला देत नाही आता.

मुरूममास्तर
१५ ऑक्टोबर, दुपारी २.२०

मी साईट सुपरवायझर होतो, ३१ वर्षं, आता रिटायर. सोलापूरच्या काळ्या मातीत बऱ्याच टाक्या आणि खड्डे केलेत, काही चुकवले पण आहेत. सावकाश लिहितो, टायपिंग बोटानं एकेक चालू आहे.

पहिली गोष्ट, सेप्टिक टँक भरलेलीच असते. कायम. ती हौद नाही की रिकामी ठेवायची. घाण आत येते, जड ते तळाला बसतं, तेलकट आणि हलकं ते वर साय धरतं, आणि मधलं निवळलेलं पाणी आउटलेट पाईपातून शोषखड्ड्यात जातं. जेवढं आत येणार तेवढंच बाहेर जाणार. म्हणजे पाणी आउटलेटच्या पाईपापर्यंत असणं म्हणजे तब्येत चांगली. तुमच्या आप्पांच्या वहीतलं माप धरलं तर ७ गुणिले ४ गुणिले साडेचार, १२६ घनफूट, म्हणजे साधारण साडेतीन हजार लिटर. सहा माणसं, माणशी रोजचं शंभर लिटर धरा, सहाशे. सहा दिवसात भरली पाहिजे आणि तुम्ही आठव्या दिवशी झाकण उघडलं. तुमची टाकी २००९ साली पण पहिल्या आठवड्यातच भरली होती, तुम्हाला कळलं नाही एवढंच. त्यामुळं भरली म्हणून टँकरवाल्याला शिव्या देऊ नका. गाळ किती नेला यावर देता येतील, ते पुढं.

मग तुम्हाला त्रास कशाचा? तर पाणी कुठं थांबलंय ते बघायचं, आणि त्याला एक रुपया लागत नाही. झाकण उघडा, पोरांना लांब ठेवा, विडी सिगारेट नको, वाऱ्याच्या बाजूला उभं राहा, लगेच वाकून तोंड घालू नका, दुसरं कुणीतरी सोबत असू द्या. टॉर्च मारून आउटलेटचा पाईप बघा. पाणी पाईपाच्या बुडाशी असेल आणि तरी संडास तुंबत असेल तर दोष घरापासून टाकीपर्यंतच्या लाईनीत, मधल्या चेंबरमध्ये काहीतरी अडकलंय, टाकीला हात लावायची गरज नाही. पाणी पाईपाच्या वर चढलेलं असेल तर पुढं अडलंय, म्हणजे आउटलेटचं तोंड चोंदलंय किंवा शोषखड्डा पाणी पीत नाहीये. आणि पाणी पाईपाच्या खालीच राहत असेल, भरतच नसेल, तर टाकी फुटलीय, ते सगळ्यात वाईट कारण मैला सरळ जमिनीत चाललाय. शेजारच्या काकांच्या उमाळ्याचं म्हणाल तर पार्किंगमधून पाऊस झाकणावाटे शिरू शकतो, फरशीचे सांधे सिमेंटनं भरून घ्या. पण आता पाऊस उघडून आठवडा झाला ना?

माझा अंदाज शोषखड्डा. का ते सांगतो. तुमच्या वहिनींचं, म्हणजे तुमच्या मिसेसचं ऐका, इथं सगळ्यात शहाण्या त्याच दिसतात. आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशी घरात काय चालतं? चादरी, पडदे, साठलेले कपडे, फरशी धुणं, गाडी धुणं, भांडी. टॉप लोड मशीनला एका वेळी शंभर लिटरच्या पुढं जातं, चार वेळा लावलं की साडेचारशे-पाचशे तिथंच गेलं. एरवी रोजचं सहाशे येणाऱ्या टाकीत त्या दिवशी दीड-दोन हजार लिटर येतं. पाणी टाकीत किमान एक दिवस थांबलं तर घाण खाली बसते, इथं तर धक्क्यानं बसलेला गाळ उठतो आणि पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो. पंधरा वर्षं न उपसलेली टाकी, म्हणजे गाळ आउटलेटच्या जवळ आलेला असणार. तो खड्ड्याच्या भिंतीला, मातीला जाऊन बसतो, काळा बुळबुळीत थर होतो, आणि माती पाणी ओढायची बंद होते.

त्यात आपली माती. वरचे पाच-सात फूट काळी माती, उन्हाळ्यात अशी भेगाळते की मनगट जाईल. एप्रिल-मेमध्ये खड्डा केला तर भेगा पाणी गटागटा पितात, मालक खूश, ठेकेदार पैसे घेऊन गेला. सप्टेंबरात आपल्याकडं सगळ्यात जास्त पाऊस, माती फुगते, भेगा मिटतात, आणि तोच खड्डा रांजण होऊन बसतो. तुमचं गणपतीतच का सुरू झालं त्याचं कारण हेच. खड्डा काळ्या मातीतून खाली मुरमात गेलेला पाहिजे. तुमचा किती खोल आहे ते आप्पांना विचारा.

पावडर घेऊ नका. बॅक्टेरिया आपल्या पोटातूनच रोज जातात, फुकट. ॲसिडनं काही मेले असतील तर आठवड्या-पंधरवड्यात परत होतील, फक्त परत ओतू नका. नवीन टाकीत सुरुवातीला पाणी भरून थोडं कुजलेलं शेण कालवून टाकायचं असतं, ते आय.एस. २४७० मध्ये (सेप्टिक टँकचं भारतीय मानक) पण लिहिलेलं आहे, चालू टाकीला काही लागत नाही. आणि टाकी लहान आहे हे गवंड्याचं म्हणणं पण खरं नाही, त्याच आय.एस.मध्ये दहा माणसांना २ मीटर बाय ९० सेंटिमीटरची टाकी चालते. तुमची त्याहून मोठी आहे. ऐंशी हजार ठेवा खिशात.

अजून एक बघा. आउटलेटला टी, म्हणजे इंग्रजी T आकाराचा पाईपाचा तुकडा, आहे का. पाईप नुसता भिंतीतून बाहेर गेलेला नसतो, त्याला आतून टी लावलेली असते, तिचं खालचं टोक पाण्यात फूट-सव्वा फूट बुडलेलं. वरची साय पाईपात जाऊ नये म्हणून. बऱ्याच जुन्या टाक्यात ती गळून पडलेली असते किंवा लावलेलीच नसते, कारण दीडशे रुपयाची वस्तू आणि झाकण लावल्यावर कुणाला दिसतीय.

हद्दवाढवाला
१८ ऑक्टोबर, रात्री ९.५०

मास्तर काका, दंडवत. तुमचा मेसेज घरात मोठ्यानं वाचून दाखवला, मिसेसनं त्यातलं एक वाक्य परत वाचायला लावलं, कुठलं ते तुम्हाला कळलंच असेल.

सांगितलं तसं बघितलं. परवा पाण्याचा दिवस नव्हता, पाणी आउटलेटच्या पाईपाच्या वर चार बोटं. आज पाणी आलेलं, सकाळी मशीन तीनदा लावलं आणि साडेअकराला झाकण उघडलं तर पाईपच दिसेना, पाणी फरशीला लागायला वीतभर कमी. मग मागचा शोषखड्डा उघडला. वर दोन फूट माती आणि एक तुटकी फरशी होती, पहारीनं काढली. खड्डा काठोकाठ, काळं पाणी आणि त्याच्यावर कपड्याच्या साबणाचा फेस तरंगतोय, पांढरा स्वच्छ. ते बघून मला एकदम पटलं.

खोली आप्पांना विचारली. ते म्हणाले सहा फूट. मी म्हटलं मुरूम लागला होता का, तर म्हणाले मे महिना होता, गवंड्यानं बादलीभर पाणी ओतून दाखवलं, लगेच जिरलं, मग थांबवलं खोदाई. काका तुम्ही काय तिथं हजर होता काय 😄

टी दिसत नाहीये. आता काय करू? टँकर परत बोलावू का?

मुरूममास्तर
१८ ऑक्टोबर, रात्री १०.३५

हजर नव्हतो, पण मेमधली बादली मी पण दाखवलीय लोकांना. तरुणपणी.

बोलवा, पण या वेळी स्वतः उभे राहा. आधी जुना टॉवेल लांब बांबूला गुंडाळून तळापर्यंत उभा बुडवा, दोन मिनिटं ठेवा आणि सावकाश काढा. जेवढ्या उंचीपर्यंत काळा चिकट गाळ लागेल तेवढा गाळ. गाळ आणि साय मिळून खोलीच्या एक तृतीयांशाच्या पुढं गेले की उपसायचं, साधारण दोन-तीन वर्षांनी ही वेळ येते. टँकर लावल्यावर परत बांबू घाला. पाणी ओढून झालं तरी तळाला घट्ट गाळ राहतो, त्यावर पाईपानं पाण्याचा फवारा मारून पातळ करून मग ओढायला सांगा. दोन्ही कप्प्यातून. पहिल्या कप्प्यात जास्त असतो आणि लोक दुसऱ्याचंच झाकण उघडून देतात कारण ते गेटजवळ असतं. तळाला इंचभर राहिला तर राहू द्या, विरजणासारखा. आणि उपसून झालं की लगेच पाणी सोडून टाकी भरून घ्या. जमीन ओली आहे, रिकाम्या विटांच्या टाकीवर बाहेरून मातीचा दाब येतो, भिंत आत येते.

टी वरूनच बसवता येते, चार इंची पाईपाला ढकलून. कुणी आत उतरायचं नाही. ते ताईंनी सांगितलंच आहे.

शोषखड्डा मात्र नवीन लागेल. जुन्याला विश्रांती द्या, सहा-आठ महिने कोरडा राहिला की तो काळा थर वाळून मोडतो आणि खड्डा परत थोडंफार पाणी घ्यायला लागतो. मधे चेंबर करून दोन्हीला पाईप द्या म्हणजे आलटून पालटून वापरता येतील.

अंगणातली_जाई
१९ ऑक्टोबर, सकाळी ११.१०

आम्ही जुळे सोलापूर भागात राहतो. आमचा पण हाच खेळ झाला होता पण आमच्याकडं प्रकरण भांडणापर्यंत गेलं, कारण आमच्या शोषखड्ड्याचं पाणी शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये वर यायला लागलं आणि प्लॉटवाल्यानं तिथं येऊन आमच्या सासूबाईंना नको नको ते ऐकवलं. सासूबाई पण काय ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत, कन्नडमध्ये दिलं त्यांनी सगळं परत.

आम्ही सगळ्यात आधी काय केलं तर कपड्याचं आणि आंघोळीचं पाणी टाकीतून काढून टाकलं. वेगळा पाईप, आणि मागं १२ फूट लांब चर, अडीच फूट रुंद, त्यात खडी, वर माती आणि कर्दळ. नुसती कर्दळ आणि दोन केळी. पाणी मातीच्या खालीच राहिलं पाहिजे, वर साठलं की डास. कर्दळ इतकं पाणी पिते की उन्हाळ्यात आम्हाला वरून घालावं लागलं. आता टाकीत फक्त संडासचं आणि किचनचं जातं. किचनच्या सिंकला जाळी बसवली, तळणीचं तेल ओतणं बंद, ते आधी मी ओतायची, खोटं कशाला बोलू. पॅड, डायपर, ओले वाईप्स, केस, काही टाकायचं नाही. आरओच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी पण बादलीत घेते, एक लिटर चांगल्या पाण्यामागं दोन-तीन लिटर जातं ते, त्यानं फरशी पुसते.

व्हेंट पाईपचं, म्हणजे टाकीतला गॅस वर सोडणाऱ्या पाईपाचं, कुणी बोललं नाही. आमच्या पाईपाला वर जाळी नव्हती आणि बेडरूमच्या खिडकीशेजारीच संपत होता. तो गच्चीच्या वर सहा-सात फूट नेला आणि तोंडाला नायलॉनची मच्छरदाणीची जाळी तारेनं बांधली. वास पण गेला आणि संध्याकाळचे ते मोठे डास निम्मे कमी झाले, टाकीतच व्हायचे ते.

बोअर_चालू_आहे
१९ ऑक्टोबर, रात्री ८.००

मधेच विचारतो, माफ करा. आमची बोअर शोषखड्ड्यापासून २५ फुटावर आहे. पाणी क्लिअर दिसतं, वास नाही. प्यायला चालेल ना? आधी बोअर घेतली मग खड्डा केला, जागाच नव्हती.

मुरूममास्तर
१९ ऑक्टोबर, रात्री ८.४०

पिऊ नका. प्यायच्या पाण्यापासून खड्डा १८ मीटर तरी लांब पाहिजे, म्हणजे साठ फूट. आणि आपल्याकडं खाली काळा बेसाल्ट, त्याला भेगा असतात, मातीतून गाळून जाणारं पाणी एकवेळ परवडलं पण भेगेतून गेलेलं पाणी गाळलं जातच नाही, तसंच्या तसं पुढं. दिसायला स्वच्छ असण्यावर जाऊ नका. सरकारी लॅबमध्ये तपासून घ्या, जंतूंची आणि नायट्रेटची. तोवर बोअरचं पाणी फरशीला आणि फ्लशला, प्यायला नळाचं, तेही उकळून. आणि खड्डा हलवायचा विचार करा, बोअर तर हलणार नाही.

हद्दवाढवाला
२४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१५

अपडेट द्यायला उशीर झाला, दिवाळी आणि पाहुणे. बहीण आली तेव्हा काम अर्धवट होतं, चार दिवस सगळ्यांना सांगितलं की फ्लश जपून आणि मशीन बंद, बहिणीनं ऐकलं, भाच्यांनी नाही.

काय काय झालं ते सांगतो. दुसरा टँकर बोलावला, बांबू आणि टॉवेल घेऊन मी उभा. टँकरवाला म्हणाला साहेब तुम्ही इंजिनिअर काय. आधी बांबू घातला तेव्हा पहिल्या कप्प्यात गाळ दोन फुटाच्या वर. म्हणजे पहिल्या टँकरनं खरंच वरचं पाणीच नेलेलं, फावडं भाऊ तेवढ्यापुरते बरोबर होते. या वेळी फवारा मारून दोन खेपा केल्या. मी विचारलं नेऊन कुठं टाकता, तर गाडी सुरू करता करता म्हणाला 'बाहेर'. मी म्हटलं बाहेर म्हणजे कुठं, नाल्यात का शेतात, ताजा मैला भाजीत टाकला तर जंतांची अंडी भाजीवर येतात. शेवटी म्हणाला प्लँटवर. खरं खोटं तोच जाणे, पुढच्या वेळी बोलावण्याआधीच विचारणार.

टी सापडली! दुसऱ्या कप्प्याच्या तळाला पडलेली, टँकरच्या पोरानं हुक टाकून वर काढली. तुटलेली नव्हती. गवंड्यानं सोल्युशन न लावता नुसती खोचलेली, इतकी वर्षं टिकली का पहिल्या महिन्यातच पडली देव जाणे. नवी बसवली वरूनच, एकशे ऐंशीला.

खड्ड्याची खोदाई बघायला आप्पा खुर्ची टाकून बसले होते. साडेसहा फुटापर्यंत काळी माती, इतकी चिकट की फावड्याला लाडू बसायचा आणि माणूस फावडं दगडावर आपटून मोकळं करायचा. मग फूटभर चुनखडीचे पांढरे खडे, आणि साडेसात फुटाला मुरूम लागला, पिवळट, फावडं खर्रकन आवाज करतं. म्हणजे जुना खड्डा मुरमाच्या दीड फूट वर थांबवला होता. दीड फूट! आप्पा काही बोलले नाहीत, खुर्ची उचलून आत गेले.

मास्तरांनी फोनवर सांगितलं तसं मुरमात बारका खड्डा करून रात्रभर पाणी भरून ठेवलं, सकाळी परत भरून घड्याळ लावलं, इंचभर पाणी उतरायला बारा मिनिटं. अर्ध्या तासाच्या आत असेल तर खड्डा चालतो म्हणाले, तासाच्या वर गेलं असतं तर शोषखड्ड्याचा नाद सोडून दुसरं काहीतरी बघावं लागलं असतं. बारा फुटाला खोदाई थांबवली, कोपऱ्यावरच्या विहिरीत पाणी बरंच खाली आहे ते आधी बघून घेतलं. चार फूट व्यास, कडेनं जाळीदार वीटकाम, आत विटांचे रोडे, वर आरसीसीचं झाकण. जुना खड्डा चेंबरमधून बंद केलाय, मेमध्ये उघडून बघेन. मशीनचं पाणी जाईताईंसारखं वेगळं काढलं. आणि मिसेसनं नियम केलाय की पाण्याच्या दिवशी दोनच वेळा मशीन, बाकीचे कपडे दुसऱ्या दिवशी साठवलेल्या पाण्यात. सगळं मिळून चौतीस हजार गेले. परवा पाणी आलेलं तेव्हा बघितलं, टाकीतलं पाणी पाईपाच्या बुडाशी, हलत नव्हतं.

एकच राहिलं. आप्पांना नव्या खड्ड्याशेजारी शेवगा लावायचाय, म्हणतात पाणी आयतं मिळतंय तर शेंगा तरी खाऊ. लावू का?

मुरूममास्तर
२४ नोव्हेंबर, रात्री ९.०५

शेवगा नको, मुळं पाईपाच्या सांध्यात घुसतात. आप्पांना सांगा कर्दळ लावा, नाहीतर केळी. शेंगा बाजारातून आणा.